बांबूचं एक टोक जिंकलं

आमच्या गोंदियाच्या दुकानात कॅमेरा घ्यायला आलेला माणूस आधी माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहतो. पलीकडे भिंत आहे. भिंत पाहून झाली की विचारतो, "भाऊ नाहीत का जी?"

भाऊ म्हणजे माझे यजमान, दिलीपराव. ते आतल्या खोलीत लग्नाचे अल्बम बांधत असतात आणि कॅमेऱ्यातलं बटण कुठलं आणि झाकण कुठलं, एवढंच त्यांना कळतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, त्यामुळे इथं छापायला हरकत नाही. "भाऊ आहेत," मी गिऱ्हाइकाला सांगते, "त्यांच्याशी बोलायचं असेल तर चहा मागवते. कॅमेऱ्याचं बोलायचं असेल तर मात्र माझ्याशीच बोलावं लागेल." तीस वर्षं झाली, हेच बोलून राहिले. आता त्याच गिऱ्हाइकांची मुलं येतात, ती भिंत पाहत नाहीत. तेवढी सुधारणा झाली.

या अंकासाठी मला सांगितलं गेलं, की रानातली जनावरं आणि पळत्या गोष्टी टिपायला कॅमेरा कसा निवडावा, ते अनुभवातून लिहा. लिहिते. पण माझा सगळ्यात मोठा अनुभव मी चुकले तेव्हाचा आहे, तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

आधी थोडं धंद्याचं. कॅमेऱ्याचं धड म्हणजे बॉडी आणि त्याचा डोळा म्हणजे लेन्स. दोन्ही वेगवेगळे मिळतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. गावातले एक डॉक्टर एकदा तरातरा आत आले आणि म्हणाले, "भाभीजी, सबसे बढ़िया वाला दे दो." मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, बॉडी घ्या, पण लांबचं दिसायला लेन्स वेगळी लागेल. "वो बाद में देखेंगे," म्हणाले आणि सगळ्यात भारी बॉडीवर घरगुती वाढदिवसाचे फोटो काढायची छोटी लेन्स चढवून नागझिऱ्याला गेले. चौथ्या दिवशी आले ते हवेत तरंगत. "भाभीजी, टाइगर मिल गया!" मी फोटो दुकानाच्या मोठ्या पडद्यावर लावला. गवत, गवत, गवत, आणि मधोमध एक पिवळट ठिपका. आतून दिलीपराव डोकावले. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "हा मुंगळा कोणत्या जातीचा जी?"

डॉक्टर महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. मग लेन्स घ्यायला आले.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते तो असा : काय टिपणार, आणि ते तुमच्यापासून किती लांब राहणार? मग बॉडीला लांब लेन्स लावून हातात देते आणि म्हणते, डोळ्याला लावून उभे राहा, तोवर मी चहा सांगते. टपरीवरून चहा येईपर्यंत हात थरथरला, तर तो कॅमेरा त्या माणसाचा नाही. जंगलात जिप्सीत बसून वाघाची वाट पाहायची असते, आणि वाघ चहावाल्यापेक्षा जास्त वेळ लावतो.

तिसरी परीक्षा दुकानाच्या दारात. समोरच्या तारेवर कबुतरं बसतात. एक उडालं की बटण दाबून धरायचं. खटाखट खटाखट एका दमात किती फोटो निघतात, आणि उडत्या कबुतरावरून नजर, म्हणजे फोकस, हलतो की टिकतो, ते पाहायचं. कॅमेऱ्यालाही दम लागतो बरं. भराभर फोटो काढून त्याचं पोट भरतं, मग तो एकदम गप्प होतो आणि खाल्लेलं कार्डात उतरवत बसतो. वाघ रस्ता ओलांडतो तो नेमका त्याच वेळी. त्यामुळे सेकंदाला फोटो किती, एवढं विचारून भागत नाही. किती वेळ धावल्यावर धापा टाकतो, हेही विचारावं.

आता बिरसीची गोष्ट, कारण पुढं तिच्याच आधारानं मी तरले. बिरसीला विमान चालवायला शिकवायची शाळा आहे. तिथं शिकणारी लखनौकडची एक मुलगी माझ्याकडून कॅमेरा घेऊन गेली आणि आठवड्यात रडवेली होऊन परत आली. "आंटी, कैमरा खराब दिया आपने." तिनं पळत्या विमानाचा फोटो दाखवला. विमान झकास, आणि नाकावरचा पंखा विळ्यासारखा वाकलेला!

कॅमेरा खराब नव्हता. हल्लीच्या कॅमेऱ्यांत दोन तऱ्हांनी फोटो निघतो. एक जुनी तऱ्हा : आतला पडदा उघडतो, मिटतो, खट् आवाज होतो. दुसरी मुकी तऱ्हा : पडदा हलतच नाही, आवाजच नाही. पण मुक्या तऱ्हेत कॅमेरा समोरचं चित्र एकदम पाहत नाही. आपण वहीचं पान वाचतो तसं वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत येतो. ते वाचन डोळ्याची पापणी लवण्याआधी संपतं, पण तेवढ्यात पंखा फिरलेला असतो. वरची ओळ आधीच्या पंख्याची, खालची नंतरच्या पंख्याची, म्हणून विळा. मी तिच्यासमोर दुकानातल्या छताच्या पंख्याचा मुका फोटो काढून दाखवला. त्याच्या पात्यांचीही केळी झाली. पोरगी इतकी हसली, की तिनं तो विमानाचा फोटो मला भेट दिला. मी तो काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला. सगळेच कॅमेरे असं करतात असं नाही, भारी बॉडी फार झपाट्यानं वाचतात. पण आपल्याकडच्या खिशाला परवडणाऱ्या बहुतेक बॉडी सावकाश वाचतात.

म्हणजे मला हे ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. रोज कोपर टेकते त्या काचेखाली ठेवलं होतं.

माझं माहेर चोरखमारा तलावाच्या अलीकडचं. तिथले कटरे गुरुजी मला चौथीला होते. रिटायर झाल्यावर गुरुजींना पाखरांचं वेड लागलं. हिवाळ्यात तलावावर लांबलांबची बदकं उतरतात, ती टिपायला त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता. तो खट् म्हणाला की बदकं भुर्र.

"शोभा," गुरुजी दुकानात येऊन म्हणाले, "मला बिनआवाजाचा कॅमेरा दे. मी श्वास रोखून बसतो आणि हा गाढव खाकरतो."

मी अगदी मन लावून निवडून दिला. हलका, कारण गुरुजींचा खांदा दुखतो. लांबचं जवळ ओढणारा. पाखराचा डोळा हुडकून त्यावरच नजर ठेवणारा. आणि मुका. मुकी तऱ्हा मी स्वतः चालू करून दिली, आणि गुरुजींचा हात चुकून लागू नये म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

"फोटो खरा काढतो ना?" गुरुजींनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"गुरुजी, कॅमेरा खोटं बोलत नाही," मी म्हटलं. हे वाक्य आमच्या दुकानाच्या पाटीवरच आहे. दिलीपरावांनी रंगवून घेतलंय, लाल अक्षरात.

विमानाच्या पंख्याबद्दल मी गुरुजींना अवाक्षर बोलले नाही. पाण्यावर बसलेलं बदक काय विमान आहे? त्यानंतर रोज सकाळी माझ्या फोनवर गुरुजींचं एक बदक यायचं, खाली शुद्धलेखनासह नाव. मी मनात म्हणायचे, वा गं शोभा, काय निवड केलीस!

मग आला पट.

परगावच्यांसाठी सांगते : शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. धान कापून झालं, रान मोकळं झालं, की आमच्याकडे गावोगाव पट भरतो. आमच्या गावात शेजारी-शेजारी दोन पट्ट्या आखतात, दोन जोड्या एकदम सुटतात. मागं हलकासा छकडा, त्यावर हाकणारा धुरकरी. शेवटी चुन्याची रेघ. रेघेवर झेंडीवाला उभा असतो, आणि ज्या जोडीचं नाक आधी रेघ ओलांडेल तिच्याकडे तो झेंडी करतो. जावई, लेकी, पाहुणे, सगळं गाव त्या दिवसांत गोळा होतं. मधली काही वर्षं पट बंद होते, तेव्हा गावाला करमत नव्हतं.

आमच्या गावची झेंडी फागूकाकांकडे. मी परकरात होते तेव्हापासून त्यांच्याकडेच. काका रेघेवर ओणवे होणार, डावा डोळा मिटणार, उजवा बारीक करणार, आणि जोड्या वाऱ्यासारख्या गेल्या की झेंडी फाटकन् एका बाजूला. त्यावर कुणी कधी वाद घातला नाही. डोळा मिटायची ती ऐट आम्ही पोरं नक्कल करून दाखवायचो.

त्या वर्षी गुरुजी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खुर्ची टाकून बरोबर रेघेसमोर बसले होते, कॅमेरा तिपाईवर लावून. सेमीफायनलला अलीकडच्या पट्टीत त्यांच्याच पुतण्याची जोडी, पलीकडच्या पट्टीत केशोरी गावाची. दोन्ही जोड्या अंगाला अंग लावून आल्या. फागूकाकांची झेंडी केशोरीकडे गेली. पुतण्याची माणसं ओरडायला लागली. तेव्हा ट्रॉलीवरून गुरुजी उठले आणि म्हणाले, "भांडू नका. माझ्याजवळ पुरावा आहे."

फोटोत पुतण्याच्या बैलांची नाकं रेघेच्या पार होती आणि केशोरीची वीतभर मागं.

पंचांनी फागूकाकांना मोठ्या मानानं मंडपात नेऊन खुर्ची दिली. खुर्ची दिली म्हणजे झेंडी काढून घेतली.

हे मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. दुकान नुकतंच उघडलं होतं. पहिल्या एसटीनं आलेले फागूकाका दारात उभे होते. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

"शोभाबाई, गुरुजीचा कॅमेरा तुह्या दुकानातला हाय न?"

"हो काका. काऊन?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. पंचांनी तो मोठा करून मंडपाच्या खांबाला चिकटवला होता, काकांनी तो सकाळी उठून खरडून आणला होता. "हा पाह्य आन् मले सांग. माजे डोरे गेले का?" त्यांनी दोन बोटं दोन्ही डोळ्यांखाली ठेवली.

"असं काय काका, तुमची नजर..."

"आयक त खरी." ते पुढं वाकले. "डावा गेलाच हाय. लय वर्स झाले. कोनाले सांगतलो नाही, झेंडी गेली असती. मिटून घेतो, मंग कोनाले समजत नाही. सारा पट उजव्यावर चालून रायला. आता उजवा सांगते केसोरी, आन् हा कागद सांगते दुसराच. कागद खरा असन त मी घरी बसतो, काही हरकत नाही. पन मले समजलं पाह्यजे न बाई. माजाच डोरा मले खोटा सांगत असन, त मी आता कोनाच्या भरवशानं चालू?"

लहानपणी आम्ही ज्या ऐटीची नक्कल करत होतो, ती ऐट नव्हतीच. (हे लिहिण्याआधी काकांना विचारलंय. "लिव," म्हणाले, "पन छापाच्या आंधी गुरुजीले दाखवू नको, तो लाल शाईनं सारा खोडन.")

मी फोटो काचेवर ठेवला. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आधी आला तो अभिमान. काय फोटो होता! बैलाच्या नाकपुडीवरचा फेस न् फेस दिसत होता. कॅमेरा खोटं बोलत नाही हे वाक्य जिभेवर आलंच होतं. काकांना कसं सांगू, याचे शब्द जुळवू लागले होते. तेवढ्यात आतून बोटांना डिंक लागलेले दिलीपराव आले, फोटोवर वाकले आणि म्हणाले, "याच्या छकड्याचं चाक काऊन वाकडं आहे? मोडलं होतं का?"

मी चाक पाहिलं. चाक गोल नव्हतं. लिंबासारखं लांबट, मागं कललेलं. त्याच्या शेजारी, काचेखाली, बिरसीच्या विमानाचा विळा होता.

गुरुजी उंचावर बसलेले, म्हणजे फोटोत पलीकडची पट्टी वर, अलीकडची खाली. मुका कॅमेरा वरून खाली वाचत आला. केशोरीचे बैल आधी वाचले. खाली पुतण्याच्या बैलांपर्यंत येईस्तोवर ते पुढं सरकले होते. कॅमेऱ्यानं दोन जोड्या दोन वेगळ्या क्षणी पाहिल्या आणि एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडल्या! आणि मुळात मुका कशाला? हजार माणसं बोंबलत असताना, भोंगे वाजत असताना, बैलांना शटरच्या खट् आवाजाचं काय सोयरसुतक? पण त्या बटणावर माझी चिकटपट्टी होती.

"काका," मी म्हटलं, "तुमचा डोळा खरा आहे. माझा कॅमेरा चुकला."

एव्हाना टपरीवरून काकांसाठी चहा आला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून पिऊन टाकला.

"तू तिथं जाऊन चारचौघांत सांगणार, की आपल्या दुकानातला कॅमेरा खोटं बोलला?" दिलीपराव म्हणाले. "पाटी पाहिली का बाहेरची?"

"पाटी तुम्ही रंगवली. चिकटपट्टी मी लावली. व्हॅन काढा."

व्हॅन गावच्या रस्त्याला लागली. पंचांची भीती नव्हती, गुरुजींची होती. चौथीत ज्यांनी सतराचा पाढा उभं करून म्हणायला लावला, त्यांना माणसांसमोर चूक दाखवायची, हे काय सोपं काम आहे? त्यातून जोडी त्यांच्या घरची. आणि फायनल दुसऱ्याच दिवशी.

गुरुजी ट्रॉलीवर लेन्स पुसत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शोभा, तू पाढे चुकत होतीस."

"हो गुरुजी. कॅमेरा निवडताना आत्तापर्यंत चुकले नव्हते. हा चुकला. बदकासाठी बरोबर, पटासाठी चूक, आणि मी तुम्हाला फरक सांगितला नाही."

पुतण्या मागं उभा होता. तो उसळला. "हे केशोरीवाल्यांनी शिकवलेलं हाय! चाक वाकडं त वाकडं, नाक त पुढं दिसून रायलं न!" पंच मान डोलवू लागले. वरून खाली वाचतो म्हणे, कॅमेरा काय शाळेत जाते? फागूकाका लांब उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

आता माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "एक लांब बांबू आणा. सरळ पाहिजे. आणि एक ट्रॅक्टर."

गावातल्या सुतारानं ट्रॅक्टरच्या तोंडाला बांबू आडवा बांधला, दोन्ही पट्ट्यांवर पसरेल असा, आणि गुण्या लावून काटकोन तपासला. पंचांनी स्वतः हात लावून पाहिला. एकच बांबू, त्याची दोन टोकं, दोन्ही एका वेळी रेघेवर येणार, यावर पुतण्याचंही एकमत झालं. भोंग्यावर पटाचं वर्णन सांगणारा माणूस रिकामाच होता, त्याला राहवलं नाही. "आता मैदानात येऊन राहिला आहे, येऊन राहिला आहे... बांबू!"

ट्रॅक्टर होता नव्हता तेवढा जोर लावून आला. गुरुजींनी बटण दाबलं. आवाज नाही. आम्ही सगळे त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो.

बांबू तिरपा! अलीकडचं टोक रेघेच्या पार, पलीकडचं चार बोटं मागं.

वर्णनवाल्याला कुणीतरी कानात सांगितलं. तो घसा साफ करून ओरडला, "निकाल ऐका! बांबूच्या अलीकडच्या टोकानं, बांबूच्याच पलीकडच्या टोकाला, चार बोटांनी हरवलं आहे!"

काय हसले लोक! मंडपातल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. "ट्रॅक्टर बैलांहून सावकाश," मी सांगितलं, "म्हणून चार बोटं. बैल पळतात तेव्हा वीत होते." मग मी कॅमेरा तिपाईवर उलटा लावला, डोकं खाली. पुन्हा ट्रॅक्टर. आता पलीकडचं टोक जिंकलं. शेवटी सगळ्यांसमोर माझी चिकटपट्टी मीच नखानं उचकटली आणि खट्वाली तऱ्हा लावली. ट्रॅक्टर आला, खट्, बांबू आडवा सरळ, दोन्ही टोकं एकदम रेघेवर.

"बरोबरी!" वर्णनवाला ओरडला. "दोन्ही टोकांना बक्षीस विभागून!"

गुरुजी मात्र हसत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग वर्णनवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि वर्गात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "काल मी फागूजींना चूक म्हटलं. चूक त्यांची नव्हती. माझी होती. जोडी केशोरीची जिंकली आहे."

"काका, घरची जोडी हाय आपली!" पुतण्या कळवळला.

"घरची आहे म्हणूनच आज सांगतो. परक्याची असती तर उद्या सांगितलं असतं," गुरुजी म्हणाले आणि पंचांकडून झेंडी मागून घेऊन चालत फागूकाकांकडे गेले. सगळ्यांसमोर त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली.

"खुर्ची बरी होती जी," फागूकाका म्हणाले आणि झेंडी काखेत मारली.

तेव्हापासून मी पळत्या गोष्टींसाठी कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला दुकानातला पंखा चालू करून त्याचा मुका फोटो काढून दाखवते. शर्यत, खेळ, उडता पक्षी, काहीही असो, बॉडी चित्र किती झपाट्यानं वाचते ते आधी पाहा, आणि ती सावकाश असेल तर पळत्या वस्तूवर खट् होऊ द्या. दिलीपरावांनी पाटी बदलली नाही. 'कॅमेरा खोटं बोलत नाही' याच्याखाली त्यांनी बारीक अक्षरात एक ओळ वाढवून घेतली, 'आधी शोभाला विचारा.' आता भिंतीकडे कुणीच पाहत नाही. आणि चाक वाकडं आहे हे पहिल्यांदा त्यांना दिसलं, हे मी कबूल केल्यापासून ते गिऱ्हाइकांना अधूनमधून सल्लाही देऊ लागलेत, तो त्रास वेगळा.

पण फायनल राहिली. त्या रात्री आम्ही माहेरीच मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी मी माझा कॅमेरा गळ्यात अडकवून रेघेपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिले. केशोरीची जोडी आणि तिरोड्याकडची एक. आल्या त्या पुन्हा अंगाला अंग लावून, धूळ, आरडाओरडा, काही म्हणता काही कळेना. फागूकाका ओणवे झाले, डावा डोळा मिटला, आणि झेंडी फाटकन् केशोरीकडे.

पंच सवयीनं ट्रॉलीकडे धावले. "गुरुजी, फोटो?"

गुरुजींनी लेन्सवर झाकण लावलं. "काढला नाही. मी पट पाहत होतो."

पंच मागं फिरले. मग पुढच्या क्षणी हलगी वाजायला लागली, केशोरीवाल्यांनी धुरकऱ्याला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीतून फागूकाकांनी मला हुडकलं. माझ्याकडे तोंड केलं, गालभर हसले आणि डोळा मारला. उजवा.

चांगला तेवढा उजवाच होता. म्हणजे त्या क्षणी, एवढा मोठा पट समोर पसरलेला असताना, त्या माणसाला काहीसुद्धा दिसत नव्हतं, आणि ते त्या मैदानात त्यांच्या आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, कॅमेरा तयार ठेवा, तो क्षण पुन्हा येत नाही. माझा गळ्यातच होता. मी डोळे पुसत होते, आणि झाकण लेन्सवरच होतं.